टेक आणि टेकच्या मधले गाणे

वाचकांचे प्रश्न : ध्वनी आणि संगीत व्यवसाय

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गेली नऊ वर्षे ध्वनिमुद्रक म्हणून काम करतो आहे. सुरुवातीला अंधेरीच्या एका स्टुडिओत साहाय्यक होतो, आता पुण्यात दोन स्टुडिओंमध्ये शिफ्टवर जातो. जाहिराती, चित्रपटांचे डबिंग आणि अधूनमधून स्वतंत्र कलावंतांची गाणी असे माझे काम असते. अलीकडे मिक्स करताना माझे लक्ष मिक्सपेक्षा गाणाऱ्याकडेच जास्त जाते. दोन गायकांबद्दल मी मित्रांना आधीच सांगितले होते आणि वर्षभरात त्यांची गाणी खरोखरच गाजली. रेकॉर्ड कंपन्यांच्या ए अँड आर विभागात, म्हणजे नवे कलावंत हेरण्याच्या कामात, मला शिरता येईल का? माझे वय ३४ आहे आणि व्यवस्थापनाची पदवी नाही. हातातली कला सोडून अशा बेभरवशाच्या कामामागे जाऊ नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तयारी कुठून करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वयाची आणि पदवीची शंका आधी बाजूला ठेवू. नॉर्मन स्मिथ १९५९ साली लंडनच्या ई.एम.आय. कंपनीत शिकाऊ ध्वनिमुद्रक म्हणून लागले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती आणि वयोमर्यादेत बसावे म्हणून त्यांनी आपले वय कमी सांगितले होते. पुढे १९६२ पासून १९६५ पर्यंत बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाचे काम त्यांच्याकडे होते. त्यानंतर ते कंट्रोल रूममधली खुर्ची सोडून त्याच कंपनीत निर्मिती आणि कलावंत निवडीच्या बाजूला गेले, आणि १९६७ साली पिंक फ्लॉइड हा तरुण बँड ई.एम.आय.कडे आला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या बँडच्या पहिल्या अल्बमचे निर्मातेही तेच होते. तुम्ही जो रस्ता विचारता आहात, तो तुमच्यासारख्याच माणसाने तुमच्यापेक्षा मोठ्या वयात चालून दाखवलेला आहे.

याच स्मिथांच्या आयुष्यातला ६ जून १९६२ हा दिवस मला तुमच्या प्रश्नासाठी फार मोलाचा वाटतो. त्या दिवशी लिव्हरपूलची ती चार पोरे, म्हणजे बीटल्स, ई.एम.आय.च्या स्टुडिओत पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांचे सामान इतके खराब होते की बेस गिटारच्या अॅम्प्लिफायरचा खरखराट ध्वनिमुद्रणात चालण्यासारखा नव्हता, आणि स्टुडिओतल्या माणसांना इको चेंबरमधला, म्हणजे आवाज घुमवण्याच्या खोलीतला, स्पीकर आणून काम भागवावे लागले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी डेक्का कंपनीने त्यांची चाचणी घेतली होती आणि नंतर नकार कळवला होता. खराब सामानाच्या पलीकडचे काहीतरी ई.एम.आय.च्या कंट्रोल रूममध्ये ऐकले गेले, आणि ऐकणाऱ्यांत निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्याबरोबर ध्वनिमुद्रकही बसलेले होते.

खरे तर या व्यवसायाच्या आरंभी ही दोन कामे वेगळी नव्हतीच. फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आले, तेव्हा यंत्र मांडणे, मेणाच्या तबकडीवर आवाज उतरवणे आणि कोणाचा आवाज उतरवायचा हे ठरवणे ही सगळी कामे त्यांचीच होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मिलान येथे इटालियन ऑपेरा गायक कारुसोचा आवाज मुद्रित केला होता. कलकत्त्यात सुरुवातीला जे गळे त्यांच्यापुढे आणले गेले त्यांनी त्यांचे समाधान झाले नाही, आणि मग नोव्हेंबरमध्ये गौहरजान त्यांच्या कर्ण्यासमोर गायल्या. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात, हे तुम्ही ऐकले असेल. अनेकांना तो त्यांचा ठसका वाटतो. त्यामागे एक व्यावहारिक गरजही होती : तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना लेबलावर नाव कोणाचे घालायचे ते कळावे लागे. कलावंत ओळखणारा माणूस आणि तबकडी कशी तयार होते हे जाणणारा माणूस एकच असला की असा उपाय सहज सुचतो.

पुढे कंपन्या वाढल्या, विभाग पडले, आणि काचेच्या अलीकडे, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, बसणाऱ्याने गाण्याबद्दल मत देऊ नये असा एक अलिखित नियम रूढ झाला. तुम्ही नऊ वर्षे तो पाळला असणार. तो मोडण्याआधी या खुर्चीने तुमच्या कानाला काय शिकवले आणि काय विसरायला लावले, हे नीट तपासायला हवे, कारण तुमची खरी अडचण पदवीत नसून या सवयीत आहे.

आपला कान दोष ऐकायला तयार झालेला असतो. सानुनासिक स्वर, ‘स’चा शिट्टीसारखा फुत्कार, अंतऱ्यात घसरलेला पंचम, दोन ओळींच्या मध्ये घेतलेला मोठा श्वास, हे आपल्याला आपोआप ऐकू येते आणि हात आपोआप दुरुस्तीकडे जातो. मेलोडाइन हे सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर आल्यापासून तर सूर सरळ करणे चहा पिता पिता होते. कलावंत हेरणाऱ्याला मात्र हे विचारावे लागते की दुरुस्ती केलीच नाही तर काय उरते, आणि जे उरते ते दुसऱ्या कोणाकडे आहे का. जो पंचम घसरला म्हणून तुम्ही ओढून वर आणला, तो त्या गायिकेच्या गावात तसाच लावत असतील. जो श्वास तुम्ही कापला, त्यावरच ऐकणाऱ्याला ती बाई खरी वाटत असेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी अकरा वर्षे ध्वनिमुद्रणात होतो आणि त्यानंतर एका संगीत कंपनीत कलावंत निवडीचे काम केले. साधारण वीस वर्षांपूर्वी बार्शीकडचा एक मुलगा भक्तिगीताच्या ध्वनिमुद्रणाला आला होता. त्याला माइकसमोर उभे केले, पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची जाळी, तोंडापासून चार बोटांवर लावला आणि टॉकबॅकवरून नेहमीप्रमाणे सांगितले, ‘लेव्हलसाठी काहीतरी म्हणा.’ त्याने हेडफोनची एक बाजू कानामागे सरकवली, डाव्या हाताने मांडीवर संबळाचा ठेका धरला आणि घरचा गोंधळ म्हणायला सुरुवात केली. आवाज वर गेला की मीटर तांबड्यात जात होता, म्हणून मी गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, कमी केला. पुन्हा गेला, पुन्हा कमी केला. चाळीसेक सेकंदांनी ‘झाली लेव्हल’ म्हणून त्याला थांबवले. नंतर त्याने जे भक्तिगीत म्हटले ते सुरात होते, नीटनेटके होते आणि त्या काळच्या कुठल्याही गायकाचे असू शकले असते. संगीतकार खूश झाले, मीही झालो. आधीची ती चाळीस सेकंदे मी मुद्रितसुद्धा केली नव्हती. पाच-सहा वर्षांनी त्याच मुलाचा गोंधळ दुसऱ्या एका कंपनीने काढला आणि तो जत्रांतून, टेम्पोंवरून, लग्नाच्या मांडवांतून वाजू लागला, तेव्हा मला तो तांबड्यात जाणारा मीटर आठवला. त्या दिवशी माझे सगळे लक्ष मीटरवर होते.

तेव्हापासून मी पाळत आलेली पहिली सवय तुम्हालाही सांगतो. कलावंताला आधी सांगून, त्याची परवानगी घेऊन, लेव्हल पाहतानाच ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि टेक, म्हणजे गाणे मुद्रित करण्याची एक फेरी, संपल्यावर लगेच थांबवू नका. माणूस जेव्हा ‘गातो आहे’ असे त्याला वाटत नसते, तेव्हा तो आपले गाणे गातो. मेम्फिसमधील सॅम फिलिप्स हे मूळचे रेडिओवरचे ध्वनितंत्रज्ञ. १९५० साली त्यांनी छोटा स्टुडिओ काढला आणि कोणालाही थोडे पैसे भरून आपला आवाज मुद्रित करून नेता येई. १९५३ साली एल्विस प्रेस्ली हा कोवळा मुलगा तिथे असाच चार-एक डॉलर भरून गाऊन गेला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये फिलिप्स यांनी त्याला दोन वादकांबरोबर गायला बोलावले, तर संथ गाण्यांवर संध्याकाळ गेली आणि हाती काही लागेना. मग विश्रांतीत त्या मुलाने गंमत म्हणून एक जुने ब्लूज गाणे उड्या मारत म्हणायला घेतले, वादकही त्यात सामील झाले, आणि कंट्रोल रूममधून फिलिप्स यांनी विचारले की हे काय चालले आहे, पुन्हा पहिल्यापासून घ्या. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्या मुलाचा करार त्यांनी आर.सी.ए. कंपनीला ३५,००० डॉलरना दिला. टेक आणि टेकच्या मधले गाणे ऐकण्याची ही जागा कंपनीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला कधीच मिळत नाही. तुम्हाला ती रोज मिळते, तिचे मोल ओळखा.

आता ‘ए अँड आर’मधील दुसऱ्या अक्षराकडे वळू, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आर म्हणजे रेपर्ट्वार, कलावंत काय गाणार ते. कोण गाणार हे ओळखले म्हणजे अर्धे काम झाले. आपल्याकडे याचा वस्तुपाठ जी. एन. जोशी यांनी घालून दिला. नागपूरकडचा हा वकील, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतला गायक, १९३८ साली एच.एम.व्ही.त रुजू झाला आणि पुढे कितीतरी वर्षे मुंबईत कोणाचे काय मुद्रित व्हावे हे ठरवत राहिला. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांनी काढली, तेव्हा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा हे तिघेही तरुण होते, आणि शास्त्रीय मैफलीत संतूर आणि गिटार यांना अजून मानाचे पान मिळालेले नव्हते. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या रागांतून, अशी त्या तबकडीची कल्पना होती. तीन गुणी माणसे शोधणे दुसऱ्या कोणालाही जमले असते. ती एकत्र बसली तर काय वाजवतील, हे आधी ऐकू येणे ही निवडकर्त्याची खरी कामगिरी, आणि तुमच्याकडे ती शक्ती आहे की नाही हे तुम्हाला अजून ठाऊक नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

ते ठरवण्यासाठी एक वही करा. ज्या कलावंताबद्दल मनात काही उमटले त्याच्यासाठी एक पान, वर तारीख. खाली तीन गोष्टी लिहा : या आवाजात असे काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, त्याने आज जे गायले त्याऐवजी काय गावे, आणि ते कोण ऐकेल. ‘आवाज छान आहे’ हे वाक्य वहीत लिहू नका, कारण तुमच्या स्टुडिओत येणाऱ्या निम्म्या लोकांचा आवाज छान असतो. ज्यांना नाकारले त्यांचीही पाने करा. सहा महिन्यांनी मागे जाऊन पाहा की कुठे चुकलात आणि कोणत्या कारणाने चुकलात. मित्रांना सांगितलेले दोन अंदाज खरे ठरले हे तुम्हाला आठवते, पण खोटे ठरलेले किती होते ते आठवत नाही, आणि हे कोणाही माणसाचे होते. कंपनीच्या दारात पदवीच्या जागी ठेवण्यासारखे तुमच्याकडे काही असेल तर ती तारीखवार भरलेली वहीच असेल.

कंपन्यांबद्दल थोडे व्यावहारिक. भारतातील मोठ्या संगीत कंपन्यांचा पाया चित्रपटसंगीत हा आहे, त्यामुळे तिथे ए अँड आर या नावाखाली पुष्कळदा चित्रपटांच्या संगीताचे हक्क घेणे, निर्मात्यांशी संबंध सांभाळणे आणि जुन्या गाण्यांचा पुन्हा उपयोग करणे ही कामे चालतात. ती कमी प्रतीची नाहीत, पण तुम्हाला हवी असलेली ती नव्हेत. स्वतंत्र कलावंतांसाठी वेगळा विभाग किंवा वेगळे लेबल असेल तिथेच नवे गळे शोधण्याचे काम मिळते, शिवाय मराठी आणि कोकणी गाण्यांच्या लहान कंपन्यांत एकच माणूस निवड, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन असे सगळे पाहतो. तुमच्यासारख्याला अशा लहान जागी प्रवेश लवकर मिळेल, कारण तुम्ही पहिल्या दिवसापासून कामाचे ठराल. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या पदावरचा माणूस दिवसभर काय करतो, हे विचारून घ्या.

आकड्यांचे शिक्षणही टाळता येणार नाही. २०१९ साली स्पॉटिफाय ही इंटरनेटवर गाणी ऐकवणारी सेवा भारतात आली, त्याच्या आधीपासून यूट्यूब होतेच, आणि आज कोणतीही कंपनी एखाद्या गायकाचे आकडे पाहिल्याशिवाय बोलणे पुढे नेत नाही. ते वाचायला शिका, पण एकूण संख्येने दिपून जाऊ नका. एखादे गाणे मोठ्या प्लेलिस्टमध्ये असेपर्यंत लाखांनी वाजते आणि तिथून काढले की दोन आठवड्यांत थंड पडते. त्यापेक्षा हे पाहा की ऐकणारा पुन्हा आला का, त्याने गाणे जपून ठेवले का, एका गाण्यावरून तो त्याच कलावंताच्या दुसऱ्या गाण्याकडे गेला का, आणि कोणत्या गावांतून ऐकले जाते आहे. नांदेड आणि परभणीतून रोज दोनशे लोक परतून येत असतील, तर तिथे काहीतरी घडते आहे. आकडे तुम्हाला घडून गेलेले सांगतात. जे अजून कोणाच्याच फोनवर पोहोचलेले नाही, त्यासाठी तुमचा कानच हवा, आणि त्यासाठीच कंपनी तुम्हाला घेईल.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ती सांभाळली नाही तर तुमचे नाव दोन्हीकडून जाईल. स्टुडिओत जे ऐकले ते कलावंताचे असते. अप्रकाशित गाणे, अर्धवट टेक, रडून सोडलेली चाल, यांतले काहीही त्याच्या होकाराशिवाय कोणालाही ऐकवू नका, अगदी त्याच्या भल्यासाठी सुद्धा. त्याच्या गाण्याचे मिक्स करण्याचे पैसे घेत असताना त्याची शिफारस करत असाल, तर हे कलावंत आणि कंपनी दोघांनाही सांगा. आणि शिफारशीसाठी कलावंताकडून एक रुपयाही घेऊ नका.

घरच्यांची काळजी रास्त आहे. सुरुवातीचा पगार तुमच्या शिफ्टच्या कमाईपेक्षा कमी असू शकतो, आणि कंपनीचे धोरण बदलले की हा विभाग आधी आखडतो. म्हणून स्टुडिओ सोडू नका. आठवड्यातली एक शिफ्ट कमी करा आणि ती संध्याकाळ ऐकायला द्या : फिरोदिया करंडकासारख्या महाविद्यालयीन स्पर्धा, गणेशोत्सवातले स्थानिक कार्यक्रम, कॅफेत होणाऱ्या छोट्या मैफली, वस्त्यांमधले भीमगीतांचे मंच. तिथे पहिल्या रांगेत बसू नका, दाराजवळ उभे राहा. कोणत्या गाण्याला निघालेली माणसे थांबतात, ते तिथून दिसते.

प्रश्न : म्हापशात माझा लहानसा स्टुडिओ आहे. एक तरुण मुलगी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली कोकणी गाणी माझ्याकडे मुद्रित करते. तिचे एक गाणे ऐकून मुंबईच्या एका कंपनीने करार पाठवला आहे. तिच्या वडिलांनी तो मला वाचायला दिला, आणि कंपनीच्या माणसाने मला ‘असे आणखी कलावंत पाठवा, तुमचे कमिशन देऊ’ असे फोनवर सांगितले. मी काय करावे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कमिशनचा विषय करार झाल्यावर काढा. आज त्या मुलीचे वडील तुमच्याकडे विश्वासाने आले आहेत, आणि त्याच कंपनीकडून पैसे मिळण्याची शक्यता असताना तुम्ही दिलेला सल्ला निर्मळ राहणार नाही. त्यांना कंपनीचा फोन आला होता हे आजच सांगा. पुढे अशी कामे करायची असतील तर किती टक्के, कशावर आणि किती काळ हे लेखी ठरवा आणि कलावंतांनाही ते माहीत असू द्या. कलावंत शोधून देणे हा प्रतिष्ठित व्यवसाय आहे. तो लपून करण्याची गरज नाही.

करार वकिलाला दाखवावाच लागेल, आणि तो बौद्धिक संपदेचे काम करणारा असावा. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी तुम्हाला स्वतःला काही गोष्टी कळायला हव्यात, कारण पुढेही लोक तुमच्याकडेच येतील. एका गाण्यात वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा, मुद्रित ध्वनीचा हक्क ज्याने ध्वनिमुद्रण काढले त्याचा, आणि गाणाऱ्याचा म्हणून सादरकर्त्याचा वेगळा हक्क. ही मुलगी एकटी गीतकार, संगीतकार आणि गायिका आहे, त्यामुळे एकाच सहीने ती किती गोष्टी देऊन बसेल हे तिला मोजून दाखवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ती आज वीस वर्षांची असेल तर हा करार तिच्या ऐंशीपर्यंत तिच्याबरोबर चालू शकतो, असे तिच्या वडिलांना सांगितले की ते कागद वेगळ्या नजरेने वाचतील.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या रॉयल्टीचा वाटा कोणालाही कायमचा सोडून देता येत नाही, अपवाद फक्त वारस आणि कॉपीराइट सोसायटी. तरीही जुन्या पद्धतीने ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी’ लिहिलेले करार फिरताना दिसतात. तिने आय.पी.आर.एस. या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद होऊन आपल्या गाण्यांची नोंद करावी, आणि गायिका म्हणून गायकांच्या हक्कांसाठी असलेल्या संस्थेचीही चौकशी करावी. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो, पण कंपनीच्या कागदात या दोन्ही गोष्टी सहसा लिहिलेल्या असतातच, म्हणून कोऱ्या जागांपेक्षा भरलेल्या जागा नीट वाचा.

तीन ठिकाणी बोट ठेवून थांबा. पहिले, आगाऊ रक्कम. ती भेट नसते, पुढच्या कमाईतून आधी वसूल केली जाते, आणि कधी ध्वनिचित्रफितीचा आणि जाहिरातीचा खर्चही त्यात मिसळलेला असतो. कोणता खर्च तिच्या नावावर मांडला जाईल ते लेखी घ्या. दुसरे, एकट्या त्या कंपनीसाठीच गाण्याची अट. गोव्यात तियात्र हे कोकणी संगीतनाट्य आहे, लग्ने आहेत, चर्चच्या फेस्तांचे कार्यक्रम आहेत. तिच्या गाण्याची मुळे आणि घरखर्च दोन्ही तिथे आहेत. ध्वनिमुद्रणापुरते बंधन समजू शकतो, मंचावर गाण्याचे बंधन स्वीकारू नये. तिसरे, पुढच्या गाण्यांचा पर्याय. ‘आणखी पाच गाणी, कंपनीच्या इच्छेनुसार’ असे असेल तर कंपनीने ती अमुक महिन्यांत काढली नाहीत तर मुलगी मोकळी होईल, असे वाक्य घालून घ्या. गाणे काढले नाही आणि सोडलेही नाही, या अवस्थेत कलावंताची वर्षे जातात. हे मी कंपनीच्या आत बसून पाहिले आहे आणि ते बघवत नाही.

तुमच्या सेशनच्या मूळ फाइल्स, तारखेसह आणि कोणी काय वाजवले याच्या नोंदीसह, जपून ठेवा. उद्या कोणाचे काय असा वाद उभा राहिला तर ती नोंद तिच्या बाजूने उभी राहील.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात ध्वनिक्षेपणाचे काम करतो. जत्रा, ऑर्केस्ट्रा, जागर, नवरात्र, शाहिरी, सगळीकडे माझा मिक्सर असतो. इंग्रजी येत नाही. मुंबईच्या कंपन्यांना इकडचे कलावंत सुचवण्याचे काम माझ्यासारख्याला मिळेल का? सोबत दोन मुद्रणे पाठवली आहेत.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मिळू शकते, आणि ज्या जागी तुम्ही उभे असता तिथे मुंबईचा माणूस वर्षातून एकदा येतो. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला गायक दिसतो, पण श्रोते दिसत नाहीत. तुम्हाला दोन्ही दिसतात. कोणत्या कडव्याला मागच्या बायका पुढे सरकतात, कधी पोरे दंगा थांबवतात, कोणते गाणे पुन्हा म्हणायला सांगतात, हे रोज टिपून ठेवा. त्याचे दोन पानी टिपण मराठीतच करा. कामाचा माणूस ते वाचेल, आणि न वाचणाऱ्याला तुमच्या इंग्रजीचाही उपयोग झाला नसता.

मुद्रण पाठवताना फक्त मिक्सरमधून घेऊ नका. ते कोरडे वाजते, त्यात मांडव ऐकू येत नाही. एक फोन लोकांच्या मध्ये, कर्ण्यांपासून दूर ठेवा, आणि दोन्ही मुद्रणे स्वतंत्र पाठवा. कलावंताचे नाव, गाव, गाणे कोणाचे आहे, पारंपरिक आहे की रचलेले, आणि त्याने पाठवायला होकार दिला आहे का, हे प्रत्येक मुद्रणाबरोबर लिहा. सुरुवातीला पैशांची बोली न करता एकाच कंपनीला वर्षभरात चार-पाच नावे सुचवा. त्यांतले एक जरी त्यांनी ऐकून घेतले, तर पुढच्या वेळी मोबदल्याचे बोला, तेही लेखी.

तुमची दोन्ही मुद्रणे ऐकली. पहिल्यातले शाहीर तयारीचे आहेत, पण तसे मी यापूर्वी ऐकले आहेत. दुसऱ्यात तिसऱ्या मिनिटानंतर गायक थांबतात आणि हलगीवाला एकटाच वाजवत राहतो, ते मी चार वेळा ऐकले. तो कोण आहे, कुठला आहे आणि त्याच्याबरोबर घुमके वाजवणारा त्याच्याच घरातला आहे का, एवढे त्याला विचारून मला कळवावे.